गाण्याचे पैसे कुठे गेले?

युनिसेफच्या नावे लिहिलेला तो धनादेश २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंटचा होता. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले, दोन्ही मिळून चाळीसेक हजार माणसं आली, आणि तिकिटांचे पैसे वरच्या पन्नास सेंटसकट युनिसेफच्या अमेरिकेतल्या समितीकडे थोड्याच दिवसांत जमाही झाले. 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हे त्या कार्यक्रमाचं नाव. कलावंतांनी संकटग्रस्तांसाठी वाजवायचं हे तसं जुनंच. फ्रान्झ लिस्टने १८३८ मध्ये हंगेरीतल्या पूरग्रस्तांसाठी व्हिएन्नात पियानोच्या मैफली केल्या होत्या. पण जगातली सगळ्यांत गाजलेली नावं एका मंचावर आणायची, त्याची तबकडी काढायची, चित्रपट काढायचा आणि सगळी कमाई दूरच्या देशात पाठवायची, ही आज सरावाची झालेली रीत इथून सुरू झाली.

कल्पना पंडित रविशंकरांची. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानचा किनारा धुऊन नेला होता. पुढच्या मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली, आणि भारतात येणाऱ्या निर्वासितांचा आकडा वर्ष संपेपर्यंत एक कोटीच्या घरात गेला. रविशंकर बंगाली होते. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ मूळचे ब्राह्मणबाडिया भागातले, म्हणजे पेटलेल्या त्याच मुलखातले. एखादी मैफल करून पंचवीसेक हजार डॉलर पाठवता आले तरी पुष्कळ, असा त्यांचा हिशेब. तो त्यांनी 'बीटल्स'मधल्या जॉर्ज हॅरिसनला सांगितला आणि हॅरिसनने फोन फिरवायला सुरुवात केली. पाचसहा आठवड्यांत एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बॉब डिलन हे सगळे मंचावर उभे होते. सुरुवात मात्र सतार, सरोद आणि मुंबईच्या उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याने झाली. वाद्यं जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा रविशंकर हसत म्हणाले की, जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे.

पुढची कथा इतकी गोड नाही. तीन तबकड्यांचा संच तुफान खपला, त्याला ग्रॅमी मिळालं, चित्रपटही चालला. पण घाईगर्दीत एक साधी गोष्ट राहून गेली होती. कार्यक्रमाचे आयोजक म्हणून युनिसेफचं नाव आधीच कागदोपत्री लावलेलं नव्हतं. अमेरिकेच्या करखात्याच्या लेखी त्यामुळे ही धर्मादाय रक्कम ठरेना. ती कमाई होती, आणि कमाईवर कर लागतो. सुरुवातीला काही रक्कम गेली. बाकीचे सुमारे एक कोटी डॉलर वर्षानुवर्षं अडकून पडले. त्यातच हॅरिसनचे व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन यांच्या हिशेबाबद्दल न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाने शंका घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मधल्या काळात बांगलादेश स्वतंत्र झाला, १९७४ चा भीषण दुष्काळ येऊन गेला, शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. ज्यांच्यासाठी गाणी म्हटली ती माणसं उपाशी मरत असताना त्या गाण्यांचा बराचसा पैसा अमेरिकेतल्या एका खात्यात शांतपणे पडून होता. १९८५ पर्यंत मिळून जवळपास एक कोटी वीस लाख डॉलर पोचले, म्हणजे बुडाले असं म्हणता येणार नाही. उशीर झाला, एवढंच. आता भुकेल्या माणसाच्या बाबतीत 'एवढंच' हा शब्द वापरावा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

हॅरिसनच्या तळमळीवर तेव्हा कुणी बोट ठेवलं नाही, आजही कुणी ठेवत नाही. म्हणून तर हे उदाहरण आधी घेतलं. प्रसिद्ध माणसाने दानधर्म केला की आपण सगळ्यांत आधी त्याच्या मनात शिरू पाहतो. मनापासून केलं की फोटोसाठी? कर वाचवायला की पाप धुवायला? चहाच्या टपरीवर हा प्रश्न अर्धा तास सहज पुरतो, कारण त्याचं उत्तर कुणालाच द्यावं लागत नाही. पैसा कोणत्या वाटेने गेला, वाटेत कुणी अडवला, शेवटी कुणाच्या हातात पडला, हे शोधायला कष्ट पडतात. शिवाय त्या शोधात भली माणसंही अडचणीत येतात, तेव्हा तो विषय आपण टाळतो.

*

या सगळ्या प्रश्नांचं गाठोडं एकाच ठिकाणी सोडायचं तर इथिओपियात जावं लागतं.

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर मायकेल बर्क यांचा उत्तर इथिओपियातल्या कोरेमहून आलेला वृत्तांत दाखवला गेला. कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीन यांचा होता. पहाटेच्या धुक्यात माळरानावर बसलेली हजारो माणसं, कापडात गुंडाळलेली प्रेतं. ब्रिटनमध्ये रात्रीचं जेवण घेत बातम्या बघणाऱ्यांच्या घशाखाली घास उतरेना. त्यांच्यात बॉब गेल्डॉफ होता. 'बूमटाउन रॅट्स' या आयरिश बँडचा हा गायक तोवर उताराला लागलेला होता, आणि टीकाकारांनी ही गोष्ट पुढे कधी विसरू दिली नाही. त्याने मिज युअरला सोबत घेतलं, गाणं लिहिलं, ब्रिटनमधले तेव्हाचे यच्चयावत लोकप्रिय गायक २५ नोव्हेंबरला लंडनच्या एका स्टुडिओत गोळा केले आणि एका दिवसात ध्वनिमुद्रण उरकलं. 'बँड एड' या नावाने निघालेली ही तबकडी एकट्या ब्रिटनमध्ये तीस लाखांहून अधिक खपली. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला तिच्यावरचा विक्रीकर सोडायचा नव्हता. लोकांनी गदारोळ केल्यावर कराइतकी रक्कम सरकारने मदतीत घातली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकेत मायकेल जॅक्सन आणि लायनेल रिची यांनी लिहिलेलं गाणं क्विन्सी जोन्सने बसवलं, आणि १३ जुलैला लंडनचं वेम्बली आणि फिलाडेल्फियाचं जेएफके अशा दोन स्टेडियममधून 'लाइव्ह एड' उपग्रहामार्फत जगभर गेलं. दीडशेच्या आसपास देश, दीड-दोन अब्ज प्रेक्षक असे आकडे तेव्हापासून सांगितले जातात. ते अंदाजाचेच आहेत, पण निम्मे धरले तरी डोळे फिरतात.

त्या दिवशी सगळ्यांत गाजला तो 'क्वीन' बँडचा एकवीस मिनिटांचा कार्यक्रम, आणि त्यात पांढऱ्या बनियनमधला फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारचा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँड, 'द हेक्टिक्स', तिथेच उभा राहिला. पाचगणीला गेलेल्या मराठी माणसाला गाइड ही माहिती हमखास देतो. गाइड जे सांगत नाही ते असं, की लाइव्ह एडच्या जेमतेम नऊ महिने आधी याच 'क्वीन'ने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटी या करमणूकनगरीत कार्यक्रम केले होते. वर्णद्वेषी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना. त्याबद्दल त्यांचं नाव काळ्या यादीत गेलं आणि ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड ठोठावला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गोऱ्या राजवटीच्या पाहुणचारात गायलेले लोक त्याच खंडाच्या ईशान्येकडच्या भुकेल्यांसाठी गात होते, आणि त्या एकवीस मिनिटांनी त्यांची डागाळलेली प्रतिमा अशी काही पुसली की आज चाळीस वर्षांनी सन सिटीची आठवणही कुणी काढत नाही. त्यांच्या जुन्या तबकड्यांचा खपही लगेच वाढला.

मग ते ढोंगी होते का? मला तसं वाटत नाही. माणूस एका वर्षात एक वाईट आणि एक चांगली गोष्ट करू शकतो. त्या चांगल्या गोष्टीचा त्याला फायदाही होऊ शकतो. त्या फायद्यामुळे इथिओपियात गेलेल्या धान्याचं एक पोतंही कमी होत नाही. मात्र फायदा झाला हे नोंदवून ठेवावं. आपल्याकडे देणाऱ्याचं नाव पाटीवर कोरायची पद्धत आहे, त्याला काय मिळालं ते कोरायची नाही.

त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या मंचावरून बॉब डिलन म्हणाला की, यातले थोडे पैसे कर्जात बुडालेल्या अमेरिकन शेतकऱ्यांसाठी वापरता आले तर बरं होईल. गेल्डॉफ भडकला. भूक आणि कर्ज यांची बरोबरी त्याला अश्लाघ्य वाटली. पण विली नेल्सनने ते वाक्य उचललं आणि दोन महिन्यांत, २२ सप्टेंबरला, इलिनॉयमध्ये 'फार्म एड' झालं. ते अजून बहुतेक दरवर्षी होतं. लाइव्ह एडचा आवाज मोठा, पण आयुष्य त्याच्या या अनौरस भावंडालाच जास्त लाभलं.

*

आता त्या पैशाच्या मागे इथिओपियात उतरू.

पाऊस पडला नव्हता हे खरं. पण १९८४ चा दुष्काळ नुसता पावसाने आणला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात बंगालबरोबर इथिओपियाच्या वोलो प्रांतातल्या १९७३ च्या दुष्काळाचाही अभ्यास मांडला होता. देशात धान्य असतानाही, ते विकत घ्यायची ऐपत किंवा मिळवायचा हक्क गेला की माणसं मरतात, हा त्याचा गाभा. दहा वर्षांनी त्याच मुलखात ऐपतीबरोबर बंदूकही आली. मेंगिस्तू हैले मरियम यांची लष्करी राजवट तिग्राय आणि इरिट्रियातल्या बंडखोरांशी लढत होती. बंडखोर भागात पीक उभं राहू नये, बाजार भरू नयेत, धान्याची ने-आण होऊ नये, ही त्या लढाईची पद्धतच होती. बाजारांवर विमानांतून बाँब पडत. सप्टेंबर १९८४ मध्ये माणसं मरत असताना राजधानी अदिस अबाबात क्रांतीचा दहावा वाढदिवस अफाट खर्च करून साजरा झाला. बळींचा आकडा चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत, जो तो आपापल्या पद्धतीने मोजतो.

अशा देशात मदत पाठवायची तर ती कुणाच्या हातून जाणार? बंदर सरकारच्या ताब्यात, रस्ते सरकारच्या ताब्यात, विमानतळ सरकारच्या ताब्यात. मदतसंस्थांना अधिकृत विनिमयदराने स्थानिक चलन घ्यावं लागे, त्यातून परकीय चलन राजवटीच्या तिजोरीत पडे. शेजारच्या सुदानमध्ये ट्रकमालकांनी भाडी चढवली, तेव्हा बँड एडने स्वतःचा ट्रकताफाच विकत घेतला. गेल्डॉफच्या स्वभावाला हे शोभून दिसलं. बंदरात धान्य सडत असताना समित्यांच्या बैठका भरवणाऱ्यांची त्याला चीड होती. ट्रकांनी धान्य हललं. पण ट्रक कुठवर जाऊ द्यायचा हे नाक्यावरचा शिपाई ठरवत होता, आणि त्या शिपायाला कोणतंही गाणं ऐकू येत नव्हतं.

याहून गंभीर गोष्ट पुनर्वसनाची. उत्तरेतली माणसं दक्षिणेत आणि नैर्ऋत्येत हलवायची योजना मेंगिस्तूंनी हाती घेतली, आणि सहाएक लाख हलवली. कागदावर कारण दिलं होतं सुपीक जमिनीचं. बंडखोरांचा आधार असलेली गावं रिकामी करणं हा त्यामागचा हेतू, असं टीकाकार सांगत होते. लोक स्वखुशीने जाईनात, तेव्हा धान्य घ्यायला छावणीत आलेल्यांना पकडून ट्रकमध्ये आणि विमानांत कोंबण्यात आलं. धान्यवाटपाची जागाच सापळा झाली. या हलवाहलवीत आणि नंतर किती मेले? अभ्यासक अ‍ॅलेक्स डी वाल यांचा अंदाज किमान पन्नास हजारांचा, इतरांचे त्याहून वरचे.

'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या फ्रेंच डॉक्टरांच्या संस्थेने हे उघडपणे सांगितलं, तर डिसेंबर १९८५ मध्ये राजवटीने तिला देशाबाहेर घालवलं. बाकीच्या बहुतेक संस्था गप्प राहिल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण बोललो तर आपल्यालाही हाकलतील, मग समोरच्या पोराला खिचडी कोण देईल? गेल्डॉफचाही पवित्रा याच बाजूचा. भुकेल्यापर्यंत पोचायला सैतानाशी हात मिळवावा लागला तरी मिळवीन, अशा अर्थाचं तो बोलला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या 'स्पिन' या संगीताच्या मासिकाने या सगळ्याचा लांबलचक पंचनामा छापला. लाइव्ह एडच्या पैशाने छळणाऱ्या राजवटीला हातभार लावला, असा त्याचा रोख होता. काही नियतकालिकांनी 'स्पिन'वरच राग काढला. चांगल्या कामाला नजर लावणारा मेला कुठला, या चालीवर.

इथे मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे, पण मनात किंतु ठेवून. बाहेर बसून तत्त्व सांगणं सोपं असतं, आणि ते डॉक्टर तर आत राहून बोलले होते, किंमतही त्यांनीच मोजली. त्यांची आणि गेल्डॉफची तुलना केली की प्रसिद्धीची एक मर्यादा लख्ख दिसते. लोकप्रिय गायक जगाला दोन ओळींत समजेल अशीच गोष्ट सांगू शकतो. पाऊस नाही, पोरं उपाशी आहेत, पैसे द्या. 'एक सरकार स्वतःच्याच माणसांवर भूक हत्यारासारखी चालवतंय, तेव्हा पैसे द्या पण डोळे उघडे ठेवून' हे स्टेडियममध्ये म्हणता येत नाही. राजकारण वगळलं म्हणून तर पैसे जमले, आणि राजकारण वगळलं म्हणूनच ते त्यात अडकले.

२०१० मध्ये प्रकरणाला उलटं वळण मिळालं. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या एका कार्यक्रमात माजी बंडखोरांच्या हवाल्याने सांगितलं गेलं की, तिग्रायमध्ये गेलेल्या मदतीचा मोठा हिस्सा शस्त्रांवर खर्च झाला. ऐकणाऱ्याचा समज झाला तो बँड एडचे पैसे बंदुकांत गेले असा. बँड एडच्या विश्वस्तांनी तक्रार केली, आणि नोव्हेंबरमध्ये बीबीसीने जाहीर माफी मागितली. बँड एडचा पैसा शस्त्रांकडे वळवला गेल्याचा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. म्हणजे शंका घेणाऱ्यांनीही हिशेब द्यावाच लागतो. 'सगळे चोर' असं म्हणून मोकळं होणं हासुद्धा एक आळसच.

बँड एड ट्रस्ट अजून चालू आहे. चार दशकांत चौदा कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांनी उभी केली. बिनपगारी विश्वस्त आणि नाममात्र व्यवस्थाखर्च ही त्यांची अभिमानाची बाब. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा धडा कुणीतरी नीट गिरवलेला दिसतो.

*

पैशाचा हिशेब लागला तरी आणखी एक खातं उरतं, आणि आज सगळ्यांत जास्त वाद त्याच्यावर आहे. घेणाऱ्याचं चित्र कसं रंगवलं?

लाइव्ह एडमध्ये डेव्हिड बोवीने स्वतःचं एक गाणं सोडलं, ते का, तर त्या वेळात कॅनडाच्या वृत्तवाहिनीने चित्रित केलेली छावणीतली दृश्यं दाखवता यावीत. त्या चित्रफितीनंतर पैशांचा ओघ वाढला. तिच्यात मरणाच्या दारात असलेली एक लहान मुलगी होती. ती वाचली. बिऱ्हान वोल्डू तिचं नाव. २००५ मध्ये लाइव्ह एडच्या धर्तीवर 'लाइव्ह ८' झालं तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये तिला मंचावर आणलं आणि मडोनाने तिचा हात हातात घेतला. हे दृश्य ज्यांना हृदयस्पर्शी वाटलं त्यांचं मी समजू शकतो. मला त्यात खटकतं ते असं, की त्याच हाइड पार्कच्या मंचावर आफ्रिकेचे स्वतःचे कलावंत जवळजवळ नव्हते. ओरड झाल्यावर त्यांचा वेगळा कार्यक्रम दूर कॉर्नवॉलमध्ये ठेवला. आफ्रिकेसाठी जमलेल्या मेळ्यात आफ्रिकेला जागा होती ती वाचलेल्या मुलीची. गाणाऱ्याची नव्हे.

बँड एडच्या मूळ गाण्यावरही हाच आक्षेप आहे. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे, नाताळ आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का, असा. इथिओपियात ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला चौथ्या शतकात, इंग्लंडच्या बराच आधी. तिथला नाताळ ७ जानेवारीला येतो आणि तो त्यांना चांगला ठाऊक असतो. ज्याला मदत करायची त्याच्याबद्दल किमान एवढी माहिती असावी, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. २०१४ मध्ये इबोलासाठी गाणं पुन्हा मुद्रित करायचं ठरलं तेव्हा घानाई वंशाच्या फ्यूज ओडीजी या गायकाने नकार दिला. रोगराई आणि भूक एवढीच आफ्रिकेची ओळख जगभर पोचते, त्याने गुंतवणूक आणि पर्यटन मार खातं, आणि ते नुकसान देणगीपेक्षा मोठं असतं, असं त्याचं म्हणणं. २०२४ मध्ये जुन्या आवृत्त्यांची मिळून नवी आवृत्ती निघाली, तेव्हा एड शीरनने सांगितलं की त्याचा आवाज वापरण्याआधी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याने आदराने नकार दिला असता. फ्यूज ओडीजीचं म्हणणं त्याला दहा वर्षांनी पटलं होतं. गेल्डॉफचं उत्तर ठरलेलं आहे. या एका गाण्याने लाखो माणसं जगवली, तेव्हा प्रतिमेच्या गोष्टी मला सांगू नका.

दोघांचंही बरोबर असू शकतं, आणि चिडचिड होते ती त्यामुळेच.

या सगळ्या धामधुमीचा लोकांवर किती परिणाम होतो, याचा अभ्यास ब्रिटनमध्ये डॅन ब्रॉकिंग्टन आणि स्पेन्सर हेन्सन यांनी केला. सात नामांकित मदतसंस्थांची यादी समोर ठेवून, यांच्याशी कोण प्रसिद्ध माणूस जोडलेला आहे ते विचारलं, तर ६६ टक्के लोकांना एकही नाव सांगता आलं नाही. ज्या प्रसिद्धीसाठी संस्था ताऱ्यांच्या दाराशी रांगा लावतात ती प्रसिद्धी संस्थेला चिकटतच नाही. ताऱ्याचं चांगुलपण लक्षात राहतं, संस्था विसरली जाते. मात्र ब्रॉकिंग्टन यांनी दुसरीही गोष्ट दाखवली. मंत्री, अधिकारी, मोठे देणगीदार यांची दारं नटाला पटकन उघडतात. हे खरं असेल तर ताऱ्याचा खरा उपयोग बंद खोलीतल्या बैठकीत आहे, आणि आपण तो शोधतो स्टेडियममध्ये.

*

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळासाठी कुणी जागतिक मैफल केली नाही. रस्त्यावर खडी फोडणारी माणसं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी हे त्या वर्षांचं चित्र. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, पण इथिओपियासारखी प्रेतं पडली नाहीत. ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी जगाला दाखवायला हेच उदाहरण घेतलं. मोर्चे, विधानसभेतले प्रश्न, वर्तमानपत्रं आणि कामाचा हक्क, यांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. नटनट्यांच्या दानधर्माची चर्चा करताना हे शेजारी ठेवावं, म्हणजे प्रमाण सुटत नाही.

हे सांगितल्यावर नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्याकडे वळता येतं. २०१५ मध्ये मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींना त्यांनी प्रत्येकी १५ हजार रुपयांचे धनादेश दिले आणि 'नाम फाउंडेशन' उभं राहिलं. १५ हजारांत सावकारही फिटत नाही, हे काम सरकारचं आहे, असे आक्षेप आलेच. ते खरे आहेत. पण ज्या घराकडे गावानेही पाठ फिरवली, त्या घरी ओळखीचा चेहरा येऊन बसतो, तेव्हा शेजारपाजारही येतात. रुपयांत हे मोजता येणार नाही. दुसऱ्याच वर्षी आमिर खान आणि किरण राव यांच्या 'पाणी फाउंडेशन'ने वेगळीच युक्ती केली. पैसे वाटण्याऐवजी स्पर्धा लावली. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीन तालुके होते, २०१८ मध्ये पंचाहत्तर. गावातली माणसं आधी प्रशिक्षण घेणार, मग ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस श्रमदान करून चर आणि बांध घालणार. पहिल्या वर्षी साताऱ्यातलं वेळू जिंकलं, पुढच्या वर्षी वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा. ताऱ्याने इथे पाहुण्याची भूमिका घेतली आणि कुदळ गावाच्या हातात राहिली, हे मला मोलाचं वाटतं. तरी २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला आणि ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. चर पाणी अडवतो, पाडत नाही. आणि अडवलेलं पाणी कोणत्या पिकाला द्यायचं, हा भांडणाचा प्रश्न पंचेचाळीस दिवसांच्या उत्साहात सुटणारा नव्हता.

याहून जुनी, कॅमेऱ्यांपुढे न घडलेली एक गोष्ट अशा याद्यांत सहसा येत नाही. ऐंशीच्या दशकात बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा केला. त्यासाठी लागू, निळू फुले आणि रंगभूमीवरचे इतर नामवंत एक पैसा न घेता महाराष्ट्रभर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हिंडले. अत्र्यांचं ते फार्सिकल नाटक. नाट्यगृहात भुकेल्या मुलांची चित्रं नव्हती की हुंदके नव्हते, लोक पोट धरून हसायला येत आणि हसून जात. जमलेली रक्कम थेट गरिबांना वाटली नाही. ती बँकेत ठेवली आणि तिच्या व्याजातून हमाल, धरणग्रस्त, आदिवासी, अंधश्रद्धा यांसारख्या प्रश्नांवर पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. सरकारशी भांडायचं काम त्या कार्यकर्त्यांचं, त्यात नटांनी नाक खुपसायचं नाही. रक्कम छोटी होती. एखाद्या कार्यकर्त्याच्या घरात महिन्याचा किराणा भरेल, इतकीच.